खरोसा लेणी व तेरणा–मांजरा खोरे
खरोसा लेणी : मराठवाड्यातील एक प्राचीन शैलगृहसमूह. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, औसा व निलंगा या गावांच्या दरम्यान, खरोसा या गावाजवळच्या टेकडीत ही लेणी खोदलेली आहेत. लेण्यांची संख्या बारा असून शिल्पशैलीवरून त्यांचा काल सामान्यतः इ. स. सहावे शतक मानतात. टेकडीच्या परिसरात रेणुकादेवीचे मंदिर व एक मशीद आहे. अजिंठा, वेरूळ व घारापुरी यांच्या मानाने ही लेणी लहान व अप्रसिद्ध आहेत. तथापि ज्या खडकात ती कोरली आहेत व ज्या प्रदेशात ती वसली आहेत, त्यांमुळे दख्खनच्या वास्तुशिल्पाच्या इतिहासात त्यांचे स्थान वेगळे ठरते.

हा प्रदेश बालाघाट डोंगररांगेचा आग्नेयीकडे उतरत गेलेला पठारी भाग होय. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावून लातूर, बीदर व तेलंगण या प्रदेशांतून वळण घेत गोदावरीस मिळते. तेरणा ही तिची उजव्या बाजूची प्रमुख उपनदी. तेरणेच्या काठी तेर हे गाव असून तेच प्राचीन तगर होय, असे मत जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले व ते पुढे सर्वमान्य झाले. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, अशी नोंद आढळते. दख्खनमधील लेणी बहुधा अशा रहदारीच्या वाटांपासून फार दूर नसतात. भिक्षू, यती व यात्रेकरू यांना वस्ती जवळ आणि एकांतही साधेल, अशी स्थळे त्यांसाठी निवडली जात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) शहराजवळची लेणी याच प्रदेशात मोडतात. कनकामरमुनीच्या करकंडचरिउ या अपभ्रंश काव्यात तेरापूरनजीकच्या लेण्यांचा उल्लेख येतो. खरोसा लेणीही या परंपरेच्या संदर्भातच पाहणे इष्ट ठरते.

खरोशाची टेकडी जांभ्या खडकाची आहे. उष्ण व दमट हवामानात बेसाल्ट खडकाचे दीर्घकाल अपक्षयण होऊन त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. त्यांतून हा सच्छिद्र, तांबूस खडक बनतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अशा खडकास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. हा खडक खणताना मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. त्यामुळे पाथरवटाचे खोदकाम सुकर होते. परंतु छिद्रे व पोकळ्या यांमुळे सूक्ष्म नक्षी त्यात टिकत नाही. वेरूळच्या बेसाल्टमध्ये दागिन्यांचे व वस्त्रांच्या चुण्यांचे जे बारकावे दिसतात, ते येथे नाहीत. येथील मूर्ती ठसठशीत, जाड बाह्यरेषांच्या असून त्यांचा परिणाम मुख्यत्वे आकारमानावर व देहाच्या ठेवणीवर अवलंबून आहे.

या समूहातील प्रमुख लेणी शैव आहेत. शिव-पार्वती, कार्तिकेय व रावण यांच्या शिल्पांबरोबर नरसिंहासारखे वैष्णव विषयही येथे आढळतात. पहिल्या लेण्यातील बसलेली मूर्ती बुद्धाची म्हणून ओळखली जाते. सहाव्या शतकात वाकाटकांची सत्ता लयास गेली होती. उत्तरेस कलचुरी व दक्षिणेस बादामीचे चालुक्य उदयास येत होते. घारापुरी व वेरूळ येथील आरंभीची शैव लेणी याच कालखंडातील मानली जातात. बादामीच्या तिसऱ्या लेण्यातील लेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा आहे. वेरूळ व बादामी या दोन केंद्रांच्या मधल्या प्रदेशात खरोसा येते. त्यामुळे लेणीस्थापत्याचा प्रसार केवळ राजधान्यांच्या व मोठ्या तीर्थांच्या आश्रयाने झाला नाही, तर लहान स्थळांनीही आपल्या कुवतीनुसार व हाती असलेल्या खडकानुसार ही परंपरा पुढे चालविली, याची येथे साक्ष पटते.

पुढील काळात या भागात दगड रचून मंदिरे बांधण्याची पद्धती रूढ झाली. निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिर हे तिचे उत्तम उदाहरण. उत्तर चालुक्य काळातील हे त्रिदल मंदिर काळ्या दगडाचे असून त्याच्या बाह्यांगावरील सुरसुंदरींच्या मूर्तींतील रेखीवपणा खरोशाच्या जांभ्यात संभवत नव्हता. एकाच परिसरातील ही दोन स्थळे पाठोपाठ पाहिली असता, दगडाचा गुणधर्म कारागिराच्या कलेस कशी दिशा देतो, हे सहज ध्यानात येते.

जेम्स बर्जेस यांनी खरोसा लेण्यांचे वर्णन पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांवरील अहवालात केले. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्यांच्या सीमा व नावे अशी बदलत गेल्याने या स्थळाविषयीची जुनी माहिती वेगवेगळ्या शीर्षकांखाली शोधावी लागते.

मुंबईनजीकच्या कान्हेरी लेण्यांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेचा आसरा मिळाला आहे. शिवाय तेथील खडक टणक आहे. खरोसा येथे असे वनाचे कवच नाही आणि खडकही तितका बळकट नाही. जांभ्यातून पाणी सतत झिरपते, मूर्तींचे पृष्ठभाग सुटत जातात व तपशील पुसट होतात. बेसाल्टमधील शिल्प शतकानुशतके जसेच्या तसे राहू शकते. जांभ्यातील शिल्प मात्र प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे झिजते. त्यामुळे लेण्यांची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे वेळोवेळी घेऊन ठेवणे आणि टेकडीवरील पाणी लेण्यांच्या छतांपासून दूर वळविणे, ही येथील जतनाची प्राथमिक गरज होय. झिजून गेलेल्या शिल्पांच्या बाबतीत अशा नोंदीच पुढे इतिहासाचे साधन ठरतात.