तलाव एक, कचेऱ्या अनेक

माजरी जंक्शनवर उतरले की वणीकडे फुटणारा रेल्वेचा फाटा आणि कोळशाच्या वाघिणी दिसतात. थोडे पुढे गेले की खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. जुन्या नोंदींच्या शोधात भद्रावती तालुक्यातल्या या गावी मी अनेकदा गेलो. दर खेपेस एकच प्रश्न पडला. कोळसा वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, वर्धा नदीचे पाणी जलसंपदा खात्याकडे, धूळ-धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, जंगल वन खात्याकडे. मग या साऱ्याचा एकत्र हिशेब गावात कोण ठेवतो?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात तो तलावांच्या निमित्ताने पूर्वीच उभा राहिला. तिथल्या तलावांची पाळ, पाट, गाळ, मासे हे सारे मालगुजाराच्या देखरेखीखाली असे. ही व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. ती रयतेच्या घामावर चालत होती. पण पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचे, हे गावाला ठाऊक होते. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, तर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे. ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मामा राहिला, पण त्याचे घर वाटले गेले.

वाटलेले पुन्हा जोडण्याची तरतूद कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. गावातील झाडे, पिके, प्राणी आणि लोकांचे ज्ञान यांची नोंदवही लोकांशी बोलून करणे हे तिचे मुख्य काम. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा देशभर समित्या भराभर झाल्या. घाईत झालेल्या अनेक नोंदवह्या कपाटातच राहिल्या. समिती होती, पण तिच्या शिक्क्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते.

शिक्क्याचे मोल कळायला गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात जावे लागते. १९८२ पर्यंत हा भागही चंद्रपूर जिल्ह्यातच होता. मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यास गट चालत असे, आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होत. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूचा वाहतूक परवाना वन खात्याकडेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले, तेव्हा हक्क खरा झाला. ग्रामसभा हेच त्या गावाचे पर्यावरण खाते झाले.

माजरीत हे जसेच्या तसे होणार नाही. कोळसापट्ट्यातील जमिनी १९५७ च्या कायद्याने संपादित होतात. तिथे ग्रामसभेच्या हाती जंगल उरत नाही. पण मेंढ्याला हक्क मिळाला त्याच २००९ साली कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा केला, आणि त्यासाठीचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट घातली. खड्ड्याचे काय होईल, मातीच्या डोंगरावर काय लावले जाईल, साचलेले पाणी कोण वापरेल, हे त्या आराखड्यात येते.

म्हणून नव्या खात्याची मागणी करण्याआधी माझे सांगणे एवढेच आहे : गावाच्या समितीने हा आराखडा मागवून ग्रामसभेत मराठीत वाचावा, आणि आपली नोंदवही त्याच्या शेजारी ठेवावी. ठरलेले काम झाले की नाही, यावर समितीची सही लागावी, असा ठराव करावा. कोळसा संपेल, गाव राहील. तेव्हा पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचे, हे आजच ठरलेले बरे.