तळटीप: लेक्सिंग्टनची पहिली गोळी

* १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानावर पहिली गोळी ‘इंग्रजांनी झाडली’ असे लेखक ठामपणे म्हणतात. पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही. वसाहतकऱ्यांच्या तुकडीचा कॅप्टन जॉन पार्कर व त्याच्या साथीदारांनी तसे शपथेवर सांगितले, हे खरे. इतक्या जणांच्या शपथा खोट्या कशा, असा आक्षेप येईल. पण या जबान्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने आठवड्याच्या आतच घेतल्या, अनेकांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या, आणि लंडनचे लोकमत वळवण्यासाठी त्या जहाजाने तातडीने रवाना झाल्या. इंग्रज सेनापती जनरल गेजच्या अहवालाच्या सुमारे दोन आठवडे आधी त्या तिथे पोहोचल्या! मैदानावरील इंग्रज अधिकारी मेजर पिटकेर्नचा अहवालही निःपक्ष नाही. त्याच्या मते गोळ्या भिंतीआडून आल्या. मात्र मैदानावरील रांगेतल्या माणसाची शपथ भिंतीआडच्या माणसाबद्दल काहीच सिद्ध करत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असणे शक्य आहे.

आठ वसाहतकरी ठार आणि एकच इंग्रज शिपाई जखमी, या आकड्यांवरून फैरी कोणी झाडल्या ते कळते, सुरुवात कोणी केली ते नव्हे. ‘जगभर ऐकू गेलेल्या गोळी’बद्दलच्या इमर्सनच्या प्रसिद्ध कवितेचा आधारही इथे गैरलागू आहे, कारण १८३७ ची ती रचना त्याच दिवशी काही तासांनी काँकर्डच्या पुलावर झालेल्या चकमकीविषयी आहे. वाचकांनी मूळ विधान ‘पहिली गोळी कोणाची, हे अनिर्णित’ असे वाचावे. — संपादक