छायाचित्राखालचे नाव

1938 च्या सुमारास 'बॉम्बे क्रॉनिकल' या मुंबईच्या दैनिकात स्त्रियांच्या एका मंडळाच्या सहलीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दर चित्रास एक रुपया मोबदला मिळाला. ही चित्रे टिपणारी तरुणी जे. जे. कलाशाळेची विद्यार्थिनी होती. होमाई व्यारावाला या नावाने, भारतातील पहिली वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून, तिची पुढे गणना झाली. परंतु ते नाव चित्रांखाली छापून येण्यास बराच काळ जावा लागला.

होमाईबाईंचा जन्म 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारी येथे पारशी कुटुंबात झाला. वडील उर्दू-पारशी रंगभूमीवरील नट. नाटक मंडळीबरोबर बिऱ्हाड हिंडत असे. मुंबईस स्थिरावल्यावर ग्रँट रोडची शाळा, सेंट झेवियर्स महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि पुढे जे. जे. असे शिक्षण झाले. कॅमेऱ्याची विद्या मात्र दिली ती माणेकशा व्यारावाला यांनी. माणेकशा 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कचेरीत हिशेबाचे काम पाहत, आणि छायाचित्रणाचे मोठे दर्दी होते. त्यांचा रोलिफ्लेक्स हाती घेऊन होमाईबाई शहर न्याहाळू लागल्या. रेहाना मोगल या सहाध्यायिनीची त्यांनी त्या दिवसांत घेतलेली चित्रे आजही ताजी वाटतात. बांधीव बैठक घेऊन फोटो काढवून घेण्याच्या त्या काळात एक तरुणी दुसरीला मोकळ्या हवेत, स्वतःच्या तंद्रीत असताना टिपते, ही गोष्ट सामान्य नव्हे.

महायुद्ध सुरू झाल्यावर 'इलस्ट्रेटेड वीकली'त युद्धकालीन मुंबईची त्यांची चित्रे येऊ लागली. चित्रे होमाईबाईंची, पण छापली गेली माणेकशांच्या नावाने. एका अपरिचित स्त्रीच्या नावाला वृत्तपत्रांच्या जगात तेव्हा वजन नव्हते, एवढेच त्याचे कारण. या अवहेलनेचा त्यांनी चतुराईने उपयोगही करून घेतला. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन उभी आहे म्हणजे हौसेचा खेळ चालला आहे, असे लोक समजत. त्यामुळे पुरुष छायाचित्रकारास जेथे अटकाव झाला असता तेथे त्या निर्वेध पोहोचत. पुढे त्यांनी 'डालडा 13' हे गमतीचे टोपणनाव धारण केले. त्यांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. 13 होता. जन्मसाल तेराचे, आणि माणेकशांची प्रथम भेटही तेराव्या वर्षी!

1942 साली हे दांपत्य ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीनिमित्त दिल्लीस गेले. साडी नेसून, पाठीवर सामान बांधून होमाईबाई सायकलवर राजधानी पालथी घालीत. हाती पुढे पुढे स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा असे. त्याच्या एका चौकटीत फिल्मचे दोनच ताव मावत, आणि लखलखाटाचा दिवा प्रत्येक चित्रागणिक जळून जाई. अशा यंत्राने भराभर शंभर चित्रे घेऊन त्यांतून एक निवडता येत नाही. क्षण कोणता हे आधीच ओळखावे लागते. त्यांच्या चित्रांत दिसणारा संयम स्वभावाचा होता तसाच या यंत्राचाही होता.

1947 च्या जूनमध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी मत दिले, तेव्हाचे वर झालेले हात त्यांनी टिपले. लाल किल्ल्यावर ध्वज चढला तो पंधरा ऑगस्टला नव्हे, सोळाला. तेथेही त्या हजर होत्या. एक क्षण मात्र निसटला. 30 जानेवारी 1948 रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या असता माणेकशांनी त्यांना परत बोलावले. उद्या दोघे मिळून जाऊ, असा निरोप होता. तो उद्या आलाच नाही. अंत्ययात्रेची चित्रे त्यांनी घेतली, पण ही चुटपुट उतारवयातही त्यांच्या बोलण्यात येई.

पंडित नेहरू हे त्यांच्या कॅमेऱ्याचे आवडते माणूस. छायाचित्रणास मनाई असल्याची पाटी आणि तिच्याशेजारी उभे असलेले नेहरू, हे विमानतळावरील चित्र विनोदाचा उत्तम नमुना आहे. 1964 च्या मे महिन्यात नेहरू गेले, तेव्हा इतर छायाचित्रकारांपासून तोंड लपवून त्या रडल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले.

1969 साली माणेकशा वारले. पुढच्याच वर्षी होमाईबाईंनी व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की त्यांना सोसवेना. प्रतिष्ठितांच्या समारंभास जाताना पोशाख आणि वागणूक यांचे जे भान त्यांच्या पिढीने राखले, ते उरले नाही अशी त्यांची तक्रार होती. प्रथम पुत्रासह पिलानीस आणि नंतर बडोद्यास त्या राहिल्या. 1989 साली पुत्रही निवर्तला. त्यानंतर त्या एकट्याच राहत. बाग करीत, घरातील सुतारकाम व नळदुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत. शेजारच्या लोकांना या बाईंनी कोणकोणाची चित्रे घेतली याची कल्पनाही नसावी.

2006 साली सबीना गाडीहोक यांनी त्यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रसंग्रह अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आला, आणि 2011 साली पद्मविभूषण मिळाले. 15 जानेवारी 2012 रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी बडोद्यास त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची जुनी चित्रे पुन्हा छापली गेली, आणि त्यांखाली होमाई व्यारावाला हे नाव होते.