धोंडा आणि नांगर : मालवण किनाऱ्यावरील लहान होडीच्या एका साधनाचा विचार

महाराष्ट्राच्या नौकानयनाचा इतिहास आजवर मुख्यत्वे आरमाराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याची सविस्तर चर्चा करण्यात आली. गुराबा, गलबते आणि त्यांवरील तोफा यांची नोंद दप्तरांत सापडते. परंतु त्याच किल्ल्याच्या परिसरात मासळीसाठी रोज पाण्यात उतरणाऱ्या लहान होडीची साधने मात्र दप्तराबाहेरच राहिली. वाऱ्याने अगर प्रवाहाने वाहत जाणाऱ्या होडीची गती कमी करण्यासाठी दोरास बांधून तळाशी सोडलेला धोंडा, वाळूची पिशवी किंवा साखळीचा तुकडा, हे अशा साधनांपैकी एक होय. ते घरीच तयार होते, त्यास खर्च नाही आणि काम संपल्यावर त्याचे वेगळेपण ओळखूही येत नाही. हे साधन म्हणजे कमी प्रतीचा नांगर नव्हे, तर वेगळ्या हेतूचे वेगळे साधन आहे. हा भेद ध्यानी न घेतल्यास किनाऱ्यावर सापडणाऱ्या पाषाणांचा अर्थ लावताना मोठा घोटाळा होण्याचा संभव आहे.

प्रथम त्याची आवश्यकता कशातून उत्पन्न झाली, हे पाहिले पाहिजे. मालवणचा उपसागर खडकांनी भरलेला आहे. सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवताली पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत आणि त्यांच्यामध्ये वाळूचे पट्टे आहेत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी होऊन कर्ली, कोळंब यांसारख्या खाड्यांच्या मुखांशी पाण्यास ओढ लागते. खडकाच्या कडेने गरी टाकून मासे धरणाऱ्यास होडी अगदी स्थिर नको असते. स्थिर होडीखालील एकच जागा गरीच्या टप्प्यात येते. उलट होडी वेगाने वाहू लागली की दोरी तिरपी होते, गरी तळापासून उचलली जाते आणि खडकाची कड मागे पडते. म्हणून होडी थांबू नये, पण सावकाश सरकावी, अशी मधली अवस्था त्यास हवी असते. नांगर ही अवस्था देऊ शकत नाही, कारण जागा धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. ती देणारे साधन म्हणजे तळावरून ओढत जाणारे वजन.

ह्या साधनाचे कार्य समजण्यास थोडे गणित पुरे आहे. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतक्या पाण्याच्या वजनाने हलकी होते. काळ्या दगडाची घनता पाण्याच्या सुमारे २·९ पट धरली, तर दहा किलोचा धोंडा पाण्यात साडेसहा किलोच्या आसपासच भरतो. तेवढ्याच वजनाचा सच्छिद्र जांभा याहूनही हलका भासतो. तळावर होणारे घर्षण ह्या उरलेल्या वजनावर अवलंबून असते. त्यामुळे हाताला जड वाटणारा धोंडा पाण्यात तितका उपयोगी पडेलच असे नाही. दोराची लांबीही महत्त्वाची आहे. दोर आखूड असला की तो जवळजवळ उभा राहतो, होडी लाटेवर चढताच धोंडा तळ सोडतो आणि घर्षण नाहीसे होते. दोर वाढविला की ओढ आडवी होऊन धोंडा तळाशी टेकून राहतो. म्हणजे एकाच धोंड्याने, केवळ दोर कमीअधिक करून, होडीचा वेग नियंत्रित करता येतो. साखळीच्या तुकड्याचा विशेष असा की तो तळाच्या उंचसखलपणाप्रमाणे लवतो आणि खडकाच्या फटीत धोंड्यापेक्षा वेगळ्या रीतीने अडकतो.

येथे दुसऱ्या एका साधनाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. खोल समुद्रात, जेथे तळ गाठता येत नाही, तेथे कापडी शंकूसारखी पिशवी पाण्यातच सोडून नौकेची गती रोखण्याची रीत जगात अन्यत्र प्रसिद्ध आहे. जॉन व्हॉस याने १९०१ ते १९०४ ह्या काळात ‘टिलिकम’ नावाच्या, मुळात एका खोडातून कोरलेल्या नौकेतून जो दीर्घ प्रवास केला, त्यात वादळाच्या वेळी त्याचा मुख्य भरवसा अशाच साधनावर होता. दोहोंत दोन मूलभूत भेद आहेत. पहिला असा की पाण्यातील पिशवीचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. तळावरील धोंड्याचे घर्षण मात्र वेगाने फारसे बदलत नाही. म्हणून मंद वाऱ्यात धोंडा परिणामकारक ठरतो, पण वारा वाढताच अपुरा पडतो. दुसरा भेद असा की पिशवी स्वतःच प्रवाहाबरोबर वाहते, त्यामुळे तिचा उपयोग वाऱ्याविरुद्ध होतो, प्रवाहाविरुद्ध होत नाही. धोंडा जमिनीस धरून असल्याने दोहोंविरुद्ध काम करतो. खाडीच्या मुखाशी व खडकांच्या जवळ, उथळ पाण्यात, धोंडा का पसंत पडावा याचे उत्तर ह्या भेदात मिळते. खोल पाण्यात वाहत्या जाळ्याने मासे धरताना तर जाळेच पिशवीचे काम करते. त्याच्या टोकास बांधलेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करून मंदावते.

भाषेनेही येथे काही गोंधळ निर्माण केला आहे. मराठीत शेतातील नांगर आणि नौकेचा नांगर यांस एकच शब्द आहे. पहिल्याचा संबंध संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दाशी, तर दुसऱ्याचा फारसी ‘लंगर’ शब्दाशी जोडला जातो. व्यवहारात तळाशी सोडलेल्या कोणत्याही वजनास नांगर म्हणण्याकडे कल असतो. परिणामी थांबविणारे साधन आणि मंदावणारे साधन यांतील फरक नावात उरत नाही. जो फरक नावात उरत नाही, तो संग्रहालयाच्या नोंदवहीतही सहसा उतरत नाही.

तथापि हा फरक प्राचीन काळीही ज्ञात होता, यास स्पष्ट लेखी पुरावा आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नाईल नदीवरील ‘बारिस’ नावाच्या मालवाहू नौकेचे वर्णन केले आहे. प्रवाहाबरोबर खाली जाताना ह्या नौकेच्या पुढे लाकडाचा एक तराफा सोडीत आणि मागे भोक पाडलेला, सुमारे दोन टॅलंट, म्हणजे अदमासे पन्नास किलो वजनाचा दगड दोराने तळावरून ओढीत. तराफा नौकेस पुढे खेची, दगड तिला मागे धरी. ह्या दोन ओढींमुळे नौका सरळ राही. पाण्याच्याच वेगाने वाहणाऱ्या नौकेच्या सुकाणूस पाणी लागत नाही. नौका पाण्यापेक्षा मंद झाली की सुकाणूवरून पाणी वाहू लागते आणि ती वळविता येते. थेम्स नदीवरील मालवाहू नौकांचे नावाडी तळावर अर्धवट टेकलेला नांगर ओढीत ओहोटीबरोबर नौका नेत, त्यामागेही हेच तत्त्व होते. हिरॉडोटसच्या वर्णनातील दगडास भोक होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो दगड नौकेपासून विलग होऊन नदीच्या तळाशी सापडला असता, तर त्यास नांगरच म्हटले गेले असते.

नेमका हाच प्रश्न मालवणच्या बाबतीत उपस्थित होतो. पाषाणी नांगरांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासास ऑनर फ्रॉस्ट या विदुषीच्या भूमध्य समुद्रातील कार्याने १९६० च्या सुमारास दिशा मिळाली. केवळ वजनाने धरणारे एका भोकाचे दगड आणि लाकडी खुंट्या बसविण्यासाठी अधिक भोके असलेले दगड असा भेद तिने केला व त्याचा संबंध तळाच्या प्रकाराशी जोडला. भारतात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावर असा शोध घेतला; सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाषाणी नांगरांवरील त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लांबट, निमुळता, वर एक गोल भोक व खाली परस्परांशी काटकोनात दोन चौकोनी भोके असलेला ‘भारतीय-अरबी’ प्रकारचा पाषाण मोठ्या जहाजाचा नांगर होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका उत्पन्न होते ती एका भोकाच्या लहान दगडाविषयी. तो लहान होडीचा नांगर असू शकतो, जाळ्याचे वजन असू शकतो, किंवा गती मंदावणारा धोंडाही असू शकतो. आकारावरून केलेले वर्गीकरण ह्या तीन शक्यतांत निवड करू शकत नाही, कारण आकार तिन्ही ठिकाणी एकच असू शकतो.

निवड करावयाची तर उपयोगाच्या खुणा पाहिल्या पाहिजेत. स्थिर नांगराच्या भोकाची दोरामुळे झालेली झीज निरनिराळ्या दिशांनी पसरलेली असणे संभवनीय आहे, कारण नौका त्याच्याभोवती फिरते. ओढल्या जाणाऱ्या धोंड्याच्या भोकाची झीज एकाच बाजूस अधिक असावी आणि त्याचा खालचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असावा. दगडाचे वजन हवेत व पाण्यात दोन्ही प्रकारे नोंदविले पाहिजे. तो खडकाच्या फटीत सापडला की मोकळ्या वाळूवर, याची नोंद तर अनिवार्य आहे. भोक नसलेल्या, केवळ दोराने आवळून बांधलेल्या धोंड्याबाबत हा पुरावाही मिळणार नाही. दोर कुजला की तो पुन्हा सामान्य दगड होतो. त्या प्रकारापुरता चालू पिढीतील मच्छीमारांचा अनुभव हाच आधार उरतो.

तो अनुभव नोंदविण्यास अवधी थोडा आहे. होडीस यंत्र बसल्यावर गती आवरण्याचे बरेचसे काम यंत्राकडे जाते. शिवाय मालवणच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. तेथील प्रवाळांवरून वजन ओढणे प्रवाळांस अपायकारक आहे. ह्या साधनाचा जुना दोषही येथे सांगितला पाहिजे. धोंडा फटीत अडकला की तो अकस्मात नांगर बनतो. दोर होडीच्या मागील टोकास बांधलेला असल्यास लाटा मागून आत शिरतात. म्हणून दोर पुढील टोकास, म्हणजे नाळेस, बांधणे व तो तत्काळ सोडता येईल अशी गाठ ठेवणे, हे ह्या तंत्राचे अविभाज्य अंग होय. किती वजन, किती दोर, कोणती गाठ आणि कोणत्या तळावर धोंडा मुळीच सोडू नये, हे ज्ञान दगडावर कोरलेले नसते. दगड संग्रहालयात ठेवला आणि हे ज्ञान गमावले, तर इतिहासाच्या हाती केवळ एक भोक पाडलेला धोंडा राहील, आणि त्यास नांगर म्हणण्यावाचून दुसरा मार्ग उरणार नाही.