निजामशाहीतील इराणी वैद्यक, स्तनाचा कर्करोग आणि बाळहिरडा

भंडारदरा परिसरातील आदिवासी कुटुंबे ज्या बाळहिरड्याचे संकलन करतात, त्याचा एक धागा मध्ययुगीन इराणी वैद्यकाशी जुळतो. अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या (मृत्यू १५५३) आश्रयास रुस्तम जुर्जानी हा इराणी हकीम होता. 'जखीरा-ए-निजामशाही' हा फारसी वैद्यकग्रंथ त्याचाच. याच सुलतानावर उपचार करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हिरड्याची चर्चा केली आहे.

इराणी परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे इब्न सीनाचा 'अल-कानून'. त्यात कर्करोगास 'सरतान', म्हणजे खेकडा, म्हटले असून 'सौदा' अर्थात कृष्णपित्त हे त्याचे कारण मानले आहे. साहजिकच सौद्याचे रेचन करणाऱ्या वनस्पतींना या उपचारात महत्त्व आले. अमरवेलीच्या वर्गातील 'अफ्तिमून' ही त्यांपैकी एक. काळा 'हलीला', म्हणजे आपला बाळहिरडा, हाही सौदारेचकच. तथापि रोग पूर्णतः रोखणे कठीण असल्याचे इब्न सीनाने स्पष्ट केले होते. वाढ थोपविणे व व्रण टाळणे ही उद्दिष्टे त्याने पुढे ठेवली.

सारांश, ग्रंथातील उल्लेख हा वापराचा पुरावा होय, गुणकारितेचा नव्हे. स्तनात गाठ आढळलेली स्त्री केवळ 'प्राचीन' औषधाच्या भरवशावर निदान लांबणीवर टाकते, तेव्हा हा भेद विसरणे तिच्या जिवावर बेतू शकते.