शाहू मोडक यांची मुद्रा आणि प्रभातचा कॅमेरा

निजामशाहीची राजधानी, भुईकोट किल्ला आणि प्रवराकाठचे नेवासे यांच्यामुळे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे नाव इतिहासाच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले आहे. परंतु मराठी चित्रपटाचा कॅमेरा अर्थ कसा सांगू लागला, या कथेतही नगरचा वाटा आहे, आणि तो आहे १९१८ साली तेथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या शाहू मोडक यांच्या मुद्रेच्या रूपाने. नट एक, प्रभात ही चित्रपट कंपनी एक आणि वर्षे लागोपाठची. तरीही १९३९ सालच्या ‘माणूस’मधला तो चेहरा आणि १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मधला तो चेहरा दोन भिन्न सृष्टींतले भासतात. याचे श्रेय अभिनयाला आहेच. पण कॅमेरा किती अंतरावर, किती उंचीवर आणि कोणत्या अंगाने ठेवावा, या निर्णयालाही ते तितकेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही दृष्टी एकाएकी आली नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा बव्हंशी नाट्यगृहातील प्रेक्षकाच्या जागी स्थिर राहिला. पुढे १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’मध्ये एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे एवढेच दाखवून कर्जात बुडालेल्या कुळाची दैना उभी केली. ज्या नगर आणि पुणे जिल्ह्यांतील रयतेने १८७५ साली सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले, त्या मुलखाला ते चित्र कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती. १९३४ साली ‘अमृतमंथन’मध्ये केशवराव धायबरांनी दूरवेधी भिंगाच्या साहाय्याने राजगुरूच्या केवळ डोळ्याने अवघा पडदा व्यापला, आणि क्रौर्याला संवादाची आवश्यकता उरली नाही.

‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामानिमित्त व्ही. शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. तिकडील चित्रपटांतील छायाप्रकाशाशी त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘माणूस’चे नाते मला जवळचे वाटते. मुंबईतील फोरास रोडची वस्ती प्रभातने पुण्याच्या आवारात उभारली, आणि व्ही. अवधूत यांच्या कॅमेऱ्याने तीत रात्र, पाऊस व सावल्या भरल्या. मोडकांचा गणपत पोलीस शिपाई. धाडीत भेटलेल्या मैनेवर त्याचा जीव जडतो, आणि सरकारी गणवेश व मन यांत फाटाफूट होते. ही फाटाफूट बोलून दाखविण्याऐवजी दिग्दर्शकाने चेहऱ्याचा काही भाग अंधाराच्या हवाली केला. भर उजेडात, समोरून घेतलेल्या चित्राने गणपतचे दुःख केवळ कळले असते. येथे ते आपल्याला ओढून घेते.

पुढच्याच वर्षी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये दिग्दर्शक दामले व फत्तेलाल यांनी नेमकी उलट तजवीज केली. त्यांचा ज्ञानेश्वर प्रामुख्याने समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून आणि शांत प्रकाशात दिसतो. कॅमेरा खाली ठेवून नटाला उत्तुंग करणे सोपे होते. पण उंच झालेली मूर्ती आपल्यापासून दूरही जाते, आणि संत हा भक्ताच्या डोळ्याला डोळा देणारा हवा. चमत्काराच्या प्रसंगीही हेच सूत्र कामी येते: भिंत चालली हे पटायचे तर भिंत, तिच्यावरील भावंडे आणि मागे सरकणारी भूमी ही एकाच चौकटीत यावी लागतात, तुकड्यातुकड्यांनी दाखविल्यास केवळ हातचलाखी उरते.

शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातील ख्रिस्ती तरुणाने ज्ञानेश्वर साकारावा, यात मला परकेपणा जाणवत नाही. नगरच्याच ख्रिस्ती समाजात वावरलेल्या रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या काव्यासाठी ज्ञानेश्वरीचीच ओवी पत्करली होती. पुढे मोडकांना कृष्णाच्या भूमिका वारंवार मिळाल्या आणि कॅमेराही बहुधा त्या समोरच्या, प्रसन्न जागेवरच रमला. ‘माणूस’ने त्या मुद्रेत शोधलेला अंधार मात्र पुढच्या दिग्दर्शकांनी फारसा उपयोगात आणला नाही, आणि ही त्या काळच्या चित्रपटाची मोठी हानी झाली, असे मी मानतो.