आकाशमार्गे आलेला डॉक्टर

खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या डॉक्टरांचे वाहन सुसज्ज असावे असे आपण म्हणतो, तेव्हा औषधांची पेटी, शस्त्रक्रियेची हत्यारे नि रोग्यास निजविण्याची सोय एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वाहनाची सिद्धता एवढ्याने पुरी होत नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागाने फार मोठी किंमत देऊन जाणले.

१९१७ साली हॉल्स क्रीक या आडगावी जिमी डार्सी नावाच्या गुराख्यास जबर दुखापत झाली. जवळपास डॉक्टर मिळेना. तेव्हा टपालमास्तर टकेट यांनी पर्थ येथील डॉक्टर हॉलंड यांना तार केली, आणि तारेवरून येणाऱ्या सूचनांबरहुकूम खिशातल्या चाकूने रोग्याच्या मूत्राशयावर शस्त्रक्रिया केली! हॉलंड तातडीने निघाले. गुरांचे जहाज, मोटार, घोडागाडी आणि अखेरीस पायपीट, असा दहा दिवसांचा प्रवास करून ते पोहोचले. आदल्याच दिवशी डार्सी मरण पावला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. त्याला नेले ते न ओळखलेल्या हिवतापाने आणि आंत्रपुच्छातील फुटलेल्या गळवाने. हाक क्षणात पोहोचली, पण डॉक्टर पोहोचला नाही.

जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने ही उणीव भरून काढण्याचा ध्यास घेतला. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरी येथून डॉक्टर वेल्च यांना घेऊन पहिले विमान उडाले. क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतलेले ते लाकूड-कापडाचे एक इंजिनी विमान होते. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. वैमानिक होकायंत्र, नद्या नि कुंपणे पाहून वाट काढी. तरीही पहिल्या वर्षात ५० उड्डाणे झाली आणि २२५ रोग्यांवर उपचार झाले.

परंतु आता उलटीच अडचण उभी राहिली. विमान होते, त्याला हाक कशी मारावी? तारघर नसलेल्या एकाकी वस्त्यांवर वीजही नव्हती. ॲडलेड येथील आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलीसारखे पायटे मारून वीज निर्माण करणारे बिनतारी यंत्र तयार केले. १९२९ पासून ते वस्त्यांवर बसू लागले. पाय वीज निर्माण करीत आणि हात संदेश पाठवी. मोर्सची लिपी घरच्या बायामाणसांस जड जाते असे दिसताच ट्रेगर यांनी अक्षरांच्या कळा असलेले यंत्र रचले.

हाक आली, विमान निघाले. पण मधल्या तासांचे काय? १९४२ पासून वस्त्यांवर औषधपेट्या ठेवण्यात येऊ लागल्या. प्रत्येक औषधावर क्रमांक होता. डॉक्टरांनी दुरून फक्त आकडा सांगावा आणि घरच्या माणसाने नेमके तेच औषध उचलावे, इतकी ती योजना साधी होती.

ही सेवा आजही चालू आहे. तिचा इतिहास सांगतो तो एवढाच, की डॉक्टरांच्या वाहनाचे अर्धे सामान वाहनात असते. उरलेले अर्धे रोग्याच्या घरी आधीच पोहोचलेले असावे लागते.